पुरुषार्थ आणि कन्यापद : गुलाबराव महाराजांच्या आत्मसंज्ञेचा विचार

१

गुलाबराव महाराजांचा परिचय करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. जन्म १८८१, देहावसान १९१५, आयुष्य अवघे ३४ वर्षांचे; वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास दृष्टी गेलेली; शाळेचे शिक्षण नाही; घराणे वऱ्हाडातील कुणबी शेतकऱ्याचे; आणि असे असूनही सुमारे १३० लहानमोठे ग्रंथ, त्यांची हजारो पृष्ठे, मराठी, संस्कृत आणि व्रज अशा भाषांतून केलेली गद्यपद्य रचना. सांप्रदायिक चरित्रात, पुण्यतिथीच्या व्याख्यानात आणि वृत्तपत्रीय लेखात हीच मांडणी थोड्याफार फरकाने आढळते. तिच्यामागील आदर खरा आहे. परंतु या मांडणीचा सगळा भार 'असे असूनही' या शब्दांवर आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

'असे असूनही' म्हणणारा माणूस एक मोजपट्टी आधीच मान्य करून बसलेला असतो. डोळस, सुशिक्षित, दीर्घायुषी आणि उच्चवर्णीय माणसाने जे करावे ते या आंधळ्या कुणब्याने केले, आणि संख्येने अधिक केले, म्हणून तो थोर, असा हा हिशेब आहे. समाजाने ठरविलेल्या यशाच्या कल्पनेला येथे कुठेही धक्का लागत नाही. उलट तिच्याच चोपडीत एक चमत्कारिक नोंद जमेला धरली जाते. महाराजांनी स्वतःची ओळख मात्र यांपैकी कोणत्याही शब्दाने करून दिलेली नाही. त्यांनी स्वतःला 'ज्ञानेश्वरकन्या' म्हटले. ग्रंथकार, पंडित, आचार्य किंवा प्रज्ञाचक्षू ही विशेषणे इतरांनी लावलेली आहेत. कन्या हे पद त्यांनी स्वतः घेतलेले आहे.

मराठीत यशस्वी जीवनासाठी जे शब्द आहेत त्यांतील सर्वांत वजनदार शब्द 'पुरुषार्थ' हा आहे. त्या शब्दातच पुरुष आहे. पराक्रम, मर्दुमकी, कर्तबगारी हे त्याचे व्यवहारातील सोयरे. ज्या व्यक्तीला आपल्या आयुष्याचा अर्थ या शब्दाबाहेर शोधावयाचा आहे, तिने 'कन्या' हे नाव निवडावे याला केवळ भक्तीचा उमाळा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. या आत्मसंज्ञेत एक विचारव्यूह आहे, त्याला विशिष्ट इतिहास आहे आणि त्याच्या मर्यादाही आहेत. त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे झाला. हे गाव आजच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात येते. ते त्यांचे आजोळ. वडील गोंदुजी मोहोड यांचे गाव माधान, चांदूर बाजाराकडचे. आई लहानपणीच गेल्यामुळे बालपणाची काही वर्षे लोणी टाकळीला आजीजवळ गेली. नांदगावचे खंडेश्वराचे हेमाडपंती देवालय यादवकाळातले, म्हणजे ज्या राजवटीच्या अखेरीस ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या राजवटीतले. परंतु १८८१ च्या वऱ्हाडात यादवकाळ दगडात आणि ओव्यांत तेवढा शिल्लक होता. व्यवहार वेगळ्या मापाने चालत होता.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला त्याने या काळ्या जमिनीचे मोल पालटले. पाठोपाठ आगगाडी, सरकी काढण्याचे कारखाने, अडते आणि वकील आले. वकिली हा या नव्या समाजातील सर्वांत प्रतिष्ठित व्यवसाय ठरला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे दोघेही वकील होते. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद मुधोळकरांकडे गेले. इंग्रजी विद्या, सभेतील वक्तृत्व, जमीनजुमला आणि सरकारदरबारी वजन या चार खांबांवर यशाची इमारत उभी होती. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी त्या इमारतीच्या पायाशी काय आहे तेही दाखविले.

शरीराबद्दलची कल्पनाही याच काळात बदलत होती. परक्या सत्तेपुढे दुबळे ठरलेल्या समाजाने आपले पौरुष पुन्हा कमवावे, हा विचार आखाड्यांतून आणि उत्सवांतून फिरू लागला होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले; महाराजांचे देहावसान २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात झाले. आशिष नंदी यांनी 'द इंटिमेट एनिमी' (१९८३) या ग्रंथात वसाहतवादाने पौरुषाला सर्वश्रेष्ठ मूल्य कसे बनविले आणि अंकितांनीही ते कसे स्वीकारले याची चिकित्सा केली आहे. त्या चिकित्सेला वऱ्हाडातील हा कालखंड चांगला साक्षीदार ठरावा. सबंध प्रांत पुरुषार्थाची भाषा शिकत असताना त्याच प्रांतातील एक अंध तरुण मंगळसूत्र घालून वावरत होता.

३

सांप्रदायिक चरित्रानुसार १९०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, ज्ञानेश्वरांनी दर्शन देऊन महाराजांना स्वनामाचा मंत्र दिला. या घटनेच्या सत्यासत्यतेचा निवाडा समीक्षेच्या कक्षेत येत नाही. तिचा अर्थ मात्र येतो, आणि तो त्या काळाच्या संदर्भात पाहिला पाहिजे.

१८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी होणार की पुराणोक्त, हा वाद वरकरणी विधीचा, प्रत्यक्षात अधिकाराचा होता. शाहू महाराजांनी तो राजसत्तेच्या बळावर लढविला. ज्याच्या हाती राजसत्ता नाही अशा कुणब्याने वेदान्ताचे ज्ञान कोणाच्या दारातून घ्यावे? मानवी गुरूकडे जावे तर तेथे अधिकाराचा प्रश्न उभा. सुधारकांकडे जावे तर तेथे शास्त्राची आवश्यकताच विवाद्य. सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या पुरुषाकडून थेट अनुग्रह मिळाला, या श्रद्धेने हा प्रश्न सोडविला नाही, तो ओलांडला. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याशी वाद न घालता घराच्या धन्याशीच नाते जोडावे, तसा हा प्रकार आहे.

नाते कोणते जोडावे, हा पुढचा प्रश्न. शिष्य हे पद सहज उपलब्ध होते. पुत्र हेही होते. महाराजांनी कन्यापद घेतले. या निवडीचा वेगळेपणा तत्कालीन वारसाविचाराच्या पार्श्वभूमीवर कळतो. वऱ्हाडात प्रचलित असलेल्या मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच सहदायाद होई. मुलीला हा जन्मसिद्ध हिस्सा नव्हता. महाराष्ट्रात तो तिला १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या कायद्याने मिळाला. कन्येला घरातून जे मिळे ते हक्काने मागून घेतलेले नसे. ते प्रेमाने दिलेले असे. ज्ञानेश्वरांचा वारसा पुत्र म्हणून सांगणे म्हणजे तो दाव्याने सांगणे झाले असते. कन्या म्हणून सांगितल्यामुळे त्यातील दाव्याचा भाग गळून पडतो आणि लाभाचा भाग राहतो.

दुसरी गोष्ट ज्ञानेश्वरांविषयीची. परंपरेने ज्यांना संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकले, ज्यांचा रक्ताचा वंश पुढे चालला नाही, त्यांची कन्या होणे म्हणजे कुलगोत्राच्या हिशेबात न बसणारे कूळ पत्करणे होय. समाजाने दिलेली ओळख गोत्राने, जातीने आणि वडिलांच्या नावाने ठरते. येथे गोत्र नसलेल्या घरात जन्म घेतला गेला आहे. स्वतःच्या आईवडिलांची निवड कोणालाही करता येत नाही, असे आपण गृहीत धरतो. भक्तीच्या भाषेने ती निवड शक्य केली.

या निवडीला वऱ्हाडात जुना आधारही आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात वावरलेले महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू यांच्या लीळांत गावाने त्यांना आई आणि बाप या दोन्ही नात्यांनी स्वीकारल्याचे दिसते. त्यांचे वर्तन शहाणपणाच्या, सोवळ्याओवळ्याच्या आणि स्त्रीपुरुषभेदाच्या रूढ रेषा पाळत नाही. म्हाइंभटांच्या परंपरेने ते जसेच्या तसे नोंदवून ठेवले. महाराजांचा आणि महानुभाव पंथाचा तात्त्विक संबंध जोडण्याचे कारण नाही, कारण महाराज अद्वैती आणि महानुभाव द्वैती. तरीही ज्याची ओळख एका लिंगात मावत नाही अशा सत्पुरुषाला सामावून घेण्याची सवय या मुलखाच्या अंगवळणी होती, एवढे म्हणता येते.

४

१९०५ मध्ये महाराजांनी कात्यायनी व्रताचा स्वीकार केला आणि कुंकू, मंगळसूत्र, वेणी ही सौभाग्यचिन्हे धारण केली. ज्ञानेश्वरांची कन्या कृष्णाची पत्नी झाली. कन्यापदाची ही परिणती वरवर पाहता साधी आहे: पिता वर पाहतो, कन्यादान करतो. पण येथे दोन वेगळे धागे एकत्र आले आहेत आणि त्यांच्या गाठीत या आत्मसंज्ञेचे मर्म आहे.

कन्यादानात कन्येच्या इच्छेला स्थान नसते. ती दिली जाते. भागवताच्या दशम स्कंधातील कात्यायनी व्रत याच्या उलट आहे. तेथे गोकुळातील कुमारिका आपल्या इच्छेने, आपल्या निवडीच्या वरासाठी देवीची आराधना करतात. कोणी त्यांना दिलेले नाही. त्यांनी ठरविले आहे. महाराजांच्या साधनेत हे दोन्ही आहे. गुरूने दिले म्हणून ती शरणागती आहे आणि व्रताने मागितले म्हणून तो संकल्प आहे. व्यक्तीचे सामर्थ्य आणि तिचे समर्पण यांना परस्परविरोधी मानण्याची जी सवय आधुनिक विचाराने लावली, तिला येथे अडखळावे लागते.

१९०५ हे वर्ष आणखी काही कारणांनी लक्षणीय आहे. त्याच वर्षी नारायण श्रीपाद राजहंस हा किशोर किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातील ताईत बनला. पुरुषाने स्त्री होणे हे मराठी समाजाला अपरिचित नव्हते. रंगमंचावर ते सर्वमान्य होते. त्याला तिकीट होते, टाळी होती, कीर्ती होती. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीत यमूच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदन करून स्त्रीचा 'मी' पुरुषाच्या लेखणीतून उभा केला होता. त्यामागे करुणा होती, सुधारणेची तळमळ होती. नट पडदा पडला की वेष उतरवितो. कादंबरीकार प्रकरण संपले की स्वतःच्या 'मी'कडे परततो. महाराजांच्या बाबतीत पडदा पडत नाही. येथे स्त्रीत्व भूमिकेपुरते नाही आणि निवेदनापुरतेही नाही. ते जगण्याचे अधिष्ठान आहे.

भारतीय आणि भारतीयेतर भक्तिपरंपरांत याला समांतर उदाहरणे आहेत. बंगालमध्ये रामकृष्ण परमहंसांनी (१८३६–१८८६) मधुरभावाची साधना स्त्रीवेषात केली. बाराव्या शतकात फ्रान्समधील संत बर्नार्ड यांनी 'गीतरत्न' या बायबलमधील ग्रंथावरील प्रवचनांत जीवाला वधू आणि ख्रिस्ताला वर मानले. परंतु रामकृष्णांसाठी मधुरभाव अनेक साधनांपैकी एक होता आणि बर्नार्डसाठी वधू हे रूपक होते. वारकरी परंपरेत विरहिणी आणि गौळणी आहेत, पण त्या परंपरेचा प्रधान सूर मायलेकरांचा आहे. मधुराभक्तीला संपूर्ण जीवनव्यवस्थेचे आणि स्वतंत्र संप्रदायाचे रूप देणारे गुलाबराव महाराज मराठीत एकाकी आहेत.

५

हे सगळे अद्वैताच्या चौकटीत कसे बसते, हा प्रश्न महाराजांनी स्वतः गांभीर्याने घेतला. जेथे दुसरे काही नाहीच तेथे कोणी कोणाची पत्नी व्हावे? त्यांच्या 'मधुराद्वैत' या सिद्धान्ताचे नावच या पेचाचे उत्तर आहे. शांकर अद्वैत त्यांना प्रमाण आहे. पण ज्ञान झाल्यावर भक्ती संपते, हे त्यांना मान्य नाही. ज्ञानापूर्वीचे द्वैत अज्ञानाने आलेले असते. ज्ञानानंतरचे द्वैत प्रेमासाठी जाणूनबुजून स्वीकारलेले असते. मधुसूदन सरस्वतींनी एकीकडे 'अद्वैतसिद्धि' आणि दुसरीकडे 'भक्तिरसायन' लिहून या दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तील शिवशक्तीचे दांपत्यही ऐक्य न मोडता दोघे राहते. महाराजांची मांडणी या परंपरेतली आहे.

न्यायशास्त्रात 'आहार्य' नावाची एक संज्ञा आहे. वस्तुस्थिती तशी नाही हे ठाऊक असूनही इच्छेने केलेली कल्पना म्हणजे आहार्य ज्ञान. भरताच्या नाट्यशास्त्रात हाच शब्द वेष, अलंकार आणि रंगभूषा यांच्यासाठी येतो: आहार्य अभिनय. महाराजांच्या गळ्यातील मंगळसूत्र या दोन्ही अर्थांनी आहार्य आहे. ते भ्रमातून आलेले नाही, म्हणून त्याला मनोविकृती म्हणता येत नाही. ते दाखविण्यासाठी घातलेले नाही, म्हणून त्याला नाट्यही म्हणता येत नाही. सत्य काय हे जाणणाऱ्याने प्रेमासाठी धारण केलेले ते चिन्ह आहे.

येथून समाजाने दिलेल्या ओळखीकडे मागे वळून पाहिले तर एक उलटापालट दिसते. कुणबी, आंधळा, अडाणी, अमक्याचा मुलगा, या ओळखी समाज खऱ्या मानतो आणि माणसाला त्यांत बांधून ठेवतो. अद्वैतदृष्टीने त्याही आरोपितच आहेत. फरक एवढाच की त्या न जाणता स्वीकारलेल्या आहेत. सगळीच नावे आरोपित असतील तर माणसाने प्रेमाने निवडलेले नाव का घेऊ नये? महाराजांच्या कन्यापदाचा तर्क या प्रश्नापर्यंत नेता येतो. भक्तीला 'पंचम पुरुषार्थ' म्हणण्याची वैष्णव परंपरा आहे. महाराजांच्या संदर्भात तो शब्दही अपुरा पडतो, कारण हा अर्थ साधण्यासाठी पुरुषच मागे सोडावा लागतो.

६

या आत्मसंज्ञेचा वाङ्मयीन परिणाम काय झाला? महाराजांनी स्वतः काही लिहिले नाही. त्यांनी सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. वाचनही इतरांकडून ऐकून. 'संप्रदायसुरतरु', 'साधुबोध', 'प्रेमनिकुंज', 'मानसायुर्वेद' हे ग्रंथ अशा रीतीने सिद्ध झाले. सूत्र, भाष्य, प्रकरण, निबंध, पत्र, अभंग, पद, आख्यान असे कितीतरी रचनाप्रकार त्यांत आहेत. वेदान्ताच्या शेजारी डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचे खंडन आहे, आर्य बाहेरून आले या मताची चिकित्सा आहे, आयुर्वेदाची चर्चा आहे. आठवणीतून सांगितलेल्या संहितेत विषयांतर, पुनरुक्ती आणि प्रमाणांची गर्दी असणे स्वाभाविक आहे. तेथे ग्रंथरचनेचा आधुनिक निकष लावून दोष काढणे सोपे, पण निरुपयोगी आहे. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा मानते. चक्रधरांनी काही लिहिले नाही; त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी जमविल्या. ग्रंथाचे कर्तृत्व एकाच्या हाती नसणे हा मराठी वाङ्मयाचा आरंभबिंदू आहे. कन्या म्हणविणाऱ्या ग्रंथकाराला ही वाटणी खुपण्याचे कारणच नव्हते.

याच्या दुसऱ्या टोकाला 'नावंग' आहे. महाराजांनी या नावाची एक स्वतंत्र भाषा रचली, असे सांगितले जाते. भाषा ही समाजाची. ती एकट्याला रचता येत नाही, असा भाषाविचाराचा सामान्य सिद्धान्त आहे. तरीही जो माणूस स्वतःचे आईबाप, लिंग आणि कूळ नव्याने निवडतो त्याला भाषाही नव्याने निवडावीशी वाटावी, यात एक सुसंगती आहे. नावंग कोणी बोलले नाही. महाराजांचे उर्वरित लेखन मात्र लोकांच्या भाषेत आहे, आणि तेच टिकले. निवडलेल्या नात्यालाही दुसऱ्याची मान्यता लागते, हा धडा या दोन गोष्टींच्या तुलनेतून मिळतो.

मराठी वाङ्मयेतिहासाने या लेखनाची दखल फारशी घेतली नाही. कारण उघड आहे. महाराजांचे समकालीन केशवसुत (१८६६–१९०५), गोविंदाग्रज (१८८५–१९१९) आणि बालकवी (१८९०–१९१८) हेही अल्पायुषी होते. त्यांच्यापासून आधुनिक कवितेचा इतिहास सांगितला जातो. त्या इतिहासाची कसोटी म्हणजे समाजाला सामोरा जाणारा स्वतंत्र 'मी'. केशवसुतांच्या 'तुतारी'तील 'मी' जुने मोडून नव्याची हाक देतो, म्हणून तो आधुनिक ठरतो. महाराजांचा 'मी' कोणाची तरी असल्यामुळे उभा राहतो. म्हणून त्याची गणना संतवाङ्मयाच्या पुरवणीत होते आणि संतवाङ्मयाचा इतिहास सतराव्या-अठराव्या शतकाशी थांबत असल्याने तेथेही त्याला जागा उरत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याची एकच तऱ्हा ओळखणारी समीक्षा या लेखनापुढे निरुत्तर होते. समाजाची यशाची कल्पना आणि वाङ्मयेतिहासाची यशाची कल्पना येथे हातात हात घालून चालतात.

७

तथापि या विवेचनाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिक ठरेल. महाराज वर्णाश्रमव्यवस्थेचे समर्थक होते. ज्या शास्त्राच्या रूढ अर्थाने त्यांच्यासारख्याला वेदान्ताच्या उंबरठ्यावर थांबविले असते, त्याच शास्त्राचे प्रामाण्य त्यांनी हिरिरीने मांडले. त्यांनी स्वतःपुरती वाट काढली. तिचा रस्ता केला नाही. स्त्रीत्वाचा त्यांनी गौरव केला तो सौभाग्यचिन्हांसह, पातिव्रत्याच्या आदर्शासह. ज्या चिन्हांत खरोखरच्या स्त्रीला निवडीची मुभा नव्हती, त्यांत एका पुरुषाला मुक्ती सापडली, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. १८९६ मध्ये त्यांचा विवाह मनकर्णिका यांच्याशी झाला होता. कृष्णपत्नीच्या घरात पत्नी असणे म्हणजे काय, या प्रश्नाला मधुराद्वैताच्या ग्रंथव्यूहात उत्तर नाही.

याच तालुक्याने दुसरा मार्गही पाहिला आहे. पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले पंजाबराव देशमुख हेही कुणबी शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनीही वेदाला हात घातला, पण परदेशी विद्यापीठाच्या मार्गाने. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि तो ग्रंथ १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांनी वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये उभी केली. पुढे ते केंद्रात कृषिमंत्री झाले. समाजाची मोजपट्टी त्यांनी स्वीकारली, तिच्यावर स्वतःला सिद्ध केले आणि नंतर ती पट्टी इतरांच्या हाती दिली. महाराजांनी मोजपट्टीच खाली ठेवली. पहिल्या मार्गाने हजारोंना शिक्षण मिळाले. दुसऱ्या मार्गाने एक प्रश्न मिळाला: मोजले जाणे हेच माणसाचे अंतिम मोल आहे काय?

या दोहोंच्या मध्ये गाडगेबाबांना (१८७६–१९५६) पाहता येते. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर. त्यांनीही १९०५ मध्येच घर सोडले. त्यांनी कोणते नवे नाते जोडले नाही, कोणाला शिष्य केले नाही, ग्रंथ सांगितला नाही. हातातला खराटा आणि डोक्यावरचे गाडगे ही त्यांची चिन्हे. धर्मशाळांसाठी लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले. त्या पैशाने त्यांच्या अंगावरची चिंधी बदलली नाही. यशाच्या रूढ कल्पनेबाहेर राहूनही लोकांच्या दैन्याशी नाते तुटू दिले नाही, हे त्यांचे वेगळेपण. महाराज आतून समाजाबाहेर गेले. गाडगेबाबा बाहेरून समाजाच्या आत आले. दोघांनीही १९०५ च्या वऱ्हाडात कर्तबगारीचा जो अर्थ होता तो नाकारला. परंतु नकारानंतर काय, या प्रश्नाची त्यांची उत्तरे भिन्न आहेत, आणि जातीच्या प्रश्नापुरते बोलायचे तर गाडगेबाबांचे उत्तर अधिक न्याय्य आहे.

८

मग गुलाबराव महाराजांच्या कन्यापदाचे महत्त्व कोठे उरते? ते सामाजिक कार्यक्रमात नाही. तसा कार्यक्रम त्यांनी दिलाच नाही. ते ग्रंथसंख्येतही नाही. ते एका अंतर्दृष्टीत आहे. माणसाचे सामर्थ्य तो काय मिळवितो यावर अवलंबून नसून तो कोणाचा आहे आणि ते असणे त्याने स्वतः पत्करले आहे की नाही यावर असते, ही ती अंतर्दृष्टी. आधुनिक व्यक्तिवादाने 'मी कोणाचाही नाही' या वाक्यात स्वातंत्र्य पाहिले. परंपरेने 'मी अमक्याचा आहे' या वाक्यात कर्तव्य पाहिले. महाराजांच्या आत्मसंज्ञेत तिसरे वाक्य आहे: मी ज्याची व्हायचे ठरविले त्याची आहे. त्यात बंधन आहे, पण ते निवडलेले आहे.

हे वाक्य समाजाने त्यांना दिलेल्या प्रत्येक नावाला निरर्थक करीत नाही; लोणी टाकळीच्या आजीचा आंधळा नातू शेवटपर्यंत आंधळाच राहिला. ते एवढेच करते की त्या नावांना शेवटचा शब्द बोलू देत नाही. या लेखनाचा अभ्यास व्हावयाचा असेल तर तो 'असे असूनही'च्या चमत्कारकथेतून बाहेर काढला पाहिजे. संप्रदायाच्या भक्तिभावाने ग्रंथ जतन केले, हे त्याचे ऋण मान्य करावे. पण वाचनाची जबाबदारी संप्रदायावर टाकून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. वर्णसमर्थन आणि आत्ममुक्ती, शरणागती आणि संकल्प, सांगितलेला ग्रंथ आणि लिहून घेणारे हात, या ताणांसह ती संहिता वाचली गेली, तर विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी माणसाच्या 'मी'ला केशवसुतांच्या वाटेशिवाय दुसरीही वाट होती, हे दिसू लागेल. ती वाट फारसे कोणी चालले नाही. एखादी वाट अरुंद होती यावरून ती कोठे पोहोचत होती याचा निर्णय करता येत नाही. त्यासाठी तिच्यावरून काही अंतर चालून पाहावे लागते.